चारऐवजी दोन इंजिने : लांब पल्ल्याच्या महाकाय विमानांची वाटचाल

एअर इंडियाच्या शेवटच्या बोइंग ७४७ विमानाने २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईचा निरोप घेतला. त्याच्या सव्वा वर्ष आधी, ३१ जानेवारी २०२३ रोजी, बोइंगने या जातीचे अखेरचे, म्हणजे १५७४ वे विमान ग्राहकाच्या स्वाधीन केले होते. त्याहून मोठ्या एअरबस ए३८० चे उत्पादन तर २०२१ मध्येच थांबले. जगभरात हवाई प्रवासी वाढत असताना सर्वांत मोठी विमाने मात्र कालबाह्य ठरली. या विसंगतीचे मूळ बव्हंशी इंजिनांच्या संख्येत आहे.

जंबोचा जन्म

जेट युगाच्या पहिल्या दशकात प्रवासी झपाट्याने वाढले आणि विमानतळ अपुरे पडू लागले. ‘पॅन ॲम’चे प्रमुख हुआन ट्रिप यांनी तेव्हाच्या ७०७ विमानापेक्षा सुमारे अडीच पट प्रवासी नेणारे विमान बोइंगकडे मागितले. जो सटर यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी ७४७ घडवले. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले आणि जानेवारी १९७० मध्ये ते न्यूयॉर्क-लंडन मार्गावर रुजू झाले. त्याच्या नव्या टर्बोफॅन इंजिनांत पुढच्या मोठ्या पंख्याने ओढलेली बहुतांश हवा ज्वलनकक्षात न जाता बाहेरच्या बाजूने मागे फेकली जाई. त्यामुळे इंधन वाचले आणि आवाजही घटला. एअर इंडियाचे पहिले ७४७, ‘एम्परर अशोक’, १९७१ मध्ये मुंबईत उतरले. त्याच्या खिडक्यांभोवती रंगवलेले झरोके ही या विमानसेवेची ओळख बनली.

साठ मिनिटांचा नियम

चार इंजिनांमागे सुरक्षेचे कारण होते. अमेरिकी नियमानुसार दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडल्यास, ६० मिनिटांत विमानतळ गाठता येईल अशाच मार्गाने जावे लागे. महासागर थेट ओलांडणे त्यामुळे अशक्यप्राय होते. पुढे इंजिने अधिक भरवशाची झाली आणि १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर, तर काही वर्षांतच १८० मिनिटांवर गेली. ‘ईटॉप्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमावलीने विमानउद्योगाचे गणितच बदलले. युरोपीय नियामकांनी २०१४ मध्ये एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मुभा दिली.

या बदलाचा एक मोठा लाभार्थी बोइंग ७७७ ठरले. ते १९९५ मध्ये सेवेत आले. त्याच्या पुढील ‘३००-ईआर’ आवृत्तीचे प्रत्येक इंजिन १ लाख १५ हजार पौंडांचा रेटा देते. ७४७ च्या जवळपास इतके प्रवासी दोनच इंजिनांवर नेता येऊ लागले. दोन इंजिने कमी म्हणजे इंधन कमी आणि देखभालही कमी.

ए३८० चा अंदाज

गर्दीच्या विमानतळांवर उतरण्याच्या वेळा मर्यादित असल्याने मोठ्या केंद्रांमधील प्रवासासाठी अधिक मोठे विमान लागेल, असा एअरबसचा कयास होता. दुमजली ए३८० ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर-सिडनी मार्गावर सुरू झाले. प्रवाशांना ते आवडले. मात्र सर्व आसने भरली तरच ते परवडे. एकूण २५१ विमानांपैकी १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. दुबईसारखे मध्यवर्ती केंद्र आणि त्याला साजेशी गर्दी इतर विमान कंपन्यांकडे क्वचितच होती.

बोइंगने वेगळा मार्ग धरला. २०११ मध्ये सेवेत आलेल्या ७८७ च्या वजनात सुमारे निम्मा वाटा कार्बन तंतूंच्या संमिश्र साहित्याचा आहे. कमी प्रवासी घेऊन लांबवर जाणाऱ्या या विमानामुळे मध्यम शहरांनाही थेट जोडणे शक्य झाले. गोवा-लंडन गॅटविक ही एअर इंडियाची सेवा ७८७ वरच चालली. असा मार्ग चार-पाचशे आसनांच्या विमानाने नियमित चालवणे कठीण आहे. तथापि मोठ्या शहरांपलीकडचे असे मार्ग अडचणीच्या काळात आधी बंद पडतात. जून २०२५ मध्ये अहमदाबाद येथे ७८७ ला झालेल्या भीषण अपघातानंतरच्या वाढीव तपासण्या आणि हवाई हद्दीवरील निर्बंध यांमुळे ही सेवा स्थगित करण्यात आली.

पुढची वाट

आगामी पिढीतील सर्वांत मोठे विमान बोइंग ७७७-९ हेही दोन इंजिनांचेच आहे. त्याचे पंख जवळपास ७२ मीटर लांबीचे असून विमानतळावर मावण्यासाठी त्यांची टोके दुमडता येतात. पहिले उड्डाण २०२० मध्ये झाले, परंतु प्रमाणीकरण लांबल्याने पहिली सुपुर्दी २०२७ वर गेली आहे. एअर इंडियाने २०२३ च्या मागणीत अशी १० विमाने आणि ४० ए३५० नोंदवली. क्वांटास ही ऑस्ट्रेलियन कंपनी सिडनी-लंडन हे सुमारे १७,००० किलोमीटरचे अंतर न थांबता कापण्यासाठी १२ विशेष ए३५०-१००० घेत आहे. त्यांत केवळ २३८ आसने असतील, कारण इतक्या लांबच्या उड्डाणात इंधनाचा एक भाग उरलेले इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडतो.

खरी कसोटी इंधनाचीच आहे. द्रवरूप हायड्रोजनला केरोसीनच्या सुमारे चौपट जागा लागते आणि विद्युतघट फार जड पडतात. त्यामुळे लांब पल्ल्यासाठी वापरलेले तेल, शेतीतील अवशेष आदींपासून बनणारे शाश्वत विमानइंधन हाच नजीकचा पर्याय उरतो. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे, तर युरोपीय संघाने २०५० साठी ७० टक्क्यांचे. हे इंधन आज केरोसीनहून बरेच महाग आहे. ते पुरेसे आणि परवडेल अशा दरात मिळाले नाही, तर भाडेवाढीचा पहिला फटका गोव्यासारख्या कमी गर्दीच्या थेट मार्गांनाच बसेल.