शेकड्याच्या अजमासाची कुळकथा

सातवीच्या वर्गात ‘८१२ चे २४ टक्के अंदाजे किती?’ असा प्रश्न फळ्यावर आला असता, ८१२ चे ८०० आणि २४ चे २५ मानून ८०० ची चौथाई २०० असे झटकन सांगणारा विद्यार्थी, काटेकोर उत्तर १९४.८८ असूनही, एरवी एका अंकाच्या चुकीबद्दल गुण कापणाऱ्या त्याच गणितात शाबासकीस पात्र ठरतो. ह्या सवलतीचे कूळ धुंडाळू लागले, तर ते पाठ्यपुस्तकाच्या फार पलीकडे, सावकाराच्या बैठकीत आणि जमाबंदीच्या दफ्तरात सापडते.

दर शेकड्याच्या मापाने सांगण्याची वहिवाट आपल्याकडे पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राने शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज ठरविले, आणि व्यापारी व्यवहारास पाच, अरण्यातून जाणाऱ्यांस दहा व समुद्रगामी व्यापाऱ्यांस वीस पणांची मुभा ठेवली. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त शंभरावर दरमहा पाच ह्या दराने सोळांचे वर्षाचे व्याज विचारले आहे. पंचराशिकाने उत्तर येते नऊ पूर्णांक तीन पंचमांश. परंतु वर्षाचे शेकडा साठ म्हणजे निम्म्याहून अधिक आणि पाऊणपटीहून कमी, एवढे ज्याच्या ध्यानी आले, त्याला उत्तर आठ आणि बारा ह्यांच्या दरम्यान पडणार हे पाटी हाती घेण्यापूर्वीच उमगते. त्याच ग्रंथात आचार्यांनी परीघ व व्यास ह्यांच्या गुणोत्तराचे ३९२७/१२५० हे सूक्ष्म मान देऊन, २२/७ हे स्थूल तरी व्यवहारास योग्य असे मानही सांगितले आहे.

टक्क्याचे चिन्ह मात्र इटलीतील व्यापाऱ्यांच्या हिशेबी लेखनातून आले. मराठी मुलुखात शेकड्याच्या जोडीला रुपयाचे सोळा आणे होते. रुपयामागे एक आणा म्हणजे शेकडा सव्वासहा, चार आणे म्हणजे शेकडा पंचवीस. पंतोजींच्या शाळेतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ करून बाहेर पडलेल्या कारकुनाला रकमेची चौथाई किंवा पाऊणपट काढण्यासाठी बोरू उचलावा लागत नसे. मुंबई इलाख्याच्या जमाबंदीत हीच दृष्टी आणेवारीच्या रूपाने रुजली: पूर्ण पीक सोळा आणे धरावयाचे, शिवारातील उभ्या पिकाचा नजरेने अजमास घ्यावयाचा आणि तो आण्यांत नोंदवावयाचा.

ह्या नजरेच्या अजमासावर शेतसाऱ्याची तहकुबी अवलंबून असल्यामुळे, त्यातली कसूर वहीतच राहत नसे, ती रयतेच्या चुलीपर्यंत पोचे. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर वर्षाचा सारा संपूर्ण तहकूब व्हावा, असा नियम होता. आणि १९१८ साली गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीक चार आण्यांहून अधिक आहे असे सरकार म्हणे, तर ते चार आण्यांच्या आत आहे असे रयत म्हणे. त्याच तंट्यातून गांधीजींच्या नेतृत्वाखाली खेड्याचा सत्याग्रह उभा राहिला. पीक बारा आणे असते, तर त्याचे अकरा म्हटल्याने किंवा तेरा म्हटल्याने तहकुबीच्या प्रश्नात काही फरक पडला नसता. परंतु चार आण्यांच्या सीमेवर एका आण्याची ओढाताण म्हणजे साऱ्याची वसुली की माफक श्वास, एवढा फरक होता.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पैसा आणि टक्का एकच ठरले, आणि पुढे आणेवारीचीही पैसेवारी झाली. गणित सोपे झाले, पण खेड्याचा धडा जुना झाला नाही. फळ्यावरच्या उदाहरणात ८१२ खाली आणि २४ वर सरकल्यामुळे दोन चुकांनी काही अंशी एकमेकींना सावरले. ४८७ चे १९ टक्के काढताना ५०० चे २० टक्के धरले, तर दोन्ही आकडे वर गेल्यामुळे उत्तर १०० येते आणि खरे असते ९२.५३. म्हणून शिक्षकाने उत्तराबरोबर हेही विचारावे, की आकडा कोणीकडे सरकवला, उत्तर खऱ्याहून वर पडेल की खाली, आणि जवळपास एखादी सीमा आहे काय. हे ज्याला सांगता आले त्याने अजमास केला. ज्याला आले नाही त्याने नुसती अटकळ बांधली.