दोन भाडीं

मराठींत घराचें भाडें आणि गाडीचें भाडें यांना एकच शब्द आहे. मुंबई शहराची वाढ समजून घेण्यास हा योगायोग फार उपयोगी पडतो. कारण ज्याला गाडीचें भाडें परवडत नाहीं, त्याला कामाच्या जागेजवळच राहावें लागतें. आणि जेथें सर्वांनाच जवळ राहणें भाग पडतें, तेथें घराचें भाडें चढतें व खोली लहान होते.

९ मे १८७४ रोजीं मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम पहिल्यानें धांवली. आगगाडी येऊन तेव्हां एकवीस वर्षें झालीं होतीं. पण तिचीं स्टेशनें मोजकीं. शहराच्या आंत श्रीमंताला बग्गी, मध्यम स्थितीच्या गृहस्थाला भाड्याची घोडागाडी किंवा बैलाचा रेकला, आणि बाकी सर्वांना स्वतःचे पाय, अशी वांटणी असे. ट्रामचा एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई, दुसरा बोरीबंदराहून पायधुणीस. गाड्या वीस, घोडे दोनशें. कुलाबा ते पायधुणी भाडें मात्र तीन आणे! मजुराच्या रोजीचा केवढा तरी भाग त्यांत गेला असता. लोकांची आवड वाढत गेली तसें कंपनीनें तें दोन आण्यांवर आणलें. आरंभीं तिकीट दिलेंच जात नसे. पैसे न देतां बसणारे फार झाले, तेव्हां त्याच वर्षीं तिकिटें निघालीं. मुंबईचा फुकट्या उतारू हा तिकिटापेक्षां वयानें वडील आहे.

कंपनीनें आणा कमी केला तो कांहीं दानबुद्धीनें नव्हे. गाडी रिकामी जावो कीं भरून जावो, घोड्याला चंदी तेवढीच लागते. म्हणून भाडें उतरवून गाडी भरणें हाच शहाणपणाचा व्यापार ठरतो. परंतु या हिशेबालाही मर्यादा होती. घोडा दिवसभर राबत नाहीं. एका गाडीसाठीं घोड्यांच्या कित्येक जोड्या पोसाव्या लागतात. १९०५ सालीं घोड्यांची संख्या १,३६० वर गेली होती. एवढें तबेल्याचें ओझें डोक्यावर असतां भाडें फारसें खालीं येणें शक्य नव्हतें.

ही अडचण विजेनें सोडविली, आणि ती दोन प्रकारांनीं. ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम सुरू झाली व घोडे गेले, हा एक प्रकार सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. १९०५ सालीं ट्रामचा धंदा ज्या कंपनीकडे आला, तीच शहराला वीजही विकणार होती. दिवा आणि गाडी एका घरच्या झाल्या. एकीच्या नफ्यावर दुसरीची तूट निभावून नेण्याची सोय या जोडणींतच होती.

तिची गरज केवढी होती तें शहराच्या नकाशावरून दिसतें. १८९६ सालीं प्लेग आला आणि दाट वस्तीचा दोष सरकारच्याही डोळ्यांत भरला. १८९८ मध्यें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें त्यानें दादर-माटुंग्याकडे नवे रस्ते व मोकळे भूखंड आंखले. पण भूखंड आंखल्यानें वस्ती होत नाहीं. फोर्टांतल्या कचेरींत बसणाऱ्या कारकुनाला रोज जाऊन येणें पगारांत बसलें पाहिजे. पुढें ट्राम दादरला, किंग्ज सर्कलला पोंचली. १९२५ सालीं विजेची आगगाडी कुर्ल्यापर्यंत धांवूं लागली. या स्वस्त प्रवासाच्या आधारावर पांढरपेशांची मुंबई उत्तरेकडे सरकली. गिरणीकामगार मात्र परळ-लालबागच्या चाळींत, भोंग्याच्या हांकेच्या अंतरावरच राहिला. त्याला दोन भाड्यांपैकीं एकच झेपत होतें. त्याची किंमत त्यानें अंधाऱ्या खोलीनें आणि कोंदट हवेनें भरली. ही किंमत कोणत्याही वाहतूक खात्याच्या ताळेबंदांत येत नाहीं. तूट मात्र येते, आणि म्हणून चर्चा नेहमीं तुटीचीच होते.

१५ जुलै १९२६ रोजीं बस आली. प्रथम ती जरा वरच्या वर्गाची मानली गेली. सामान्यांची खरी गाडी ट्रामच. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधीं, हा सारा कारभार म्युनिसिपालिटीनें विकत घेतला. नफा भागीदारांचा न राहतां शहराचा झाला, ही त्या घटनेची थोरवी. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. पण वीज आणि बस यांची जोडी टिकून राहिली व विजेच्या उत्पन्नानें बसची तूट दीर्घकाळ सोसली. २००३ च्या वीज कायद्यानंतर ही वाट अरुंद होत गेली. ‘विजेच्या ग्राहकानें दुसऱ्याच्या प्रवासाचे पैसे कां द्यावे?’ हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनें चुकीचा म्हणतां येणार नाहीं. मात्र ती तूट मग कोणीं सोसावी, याचें तितकेंच पक्कें उत्तर कोणीं दिलें नाहीं. बसचा ताफा मात्र घटत गेला.

जुलै २०१९ मध्यें ‘बेस्ट’नें साध्या बसचें किमान भाडें आठ रुपयांवरून पांच रुपयांवर आणलें. घोड्यांच्या काळीं जें घडलें तेंच पुन्हां घडलें: थोड्याच दिवसांत रोजचे उतारू लाखांनीं वाढले. पण प्रत्येक उतारूमागें तूट होतीच, आणि आतां ती झेलावयास विजेचा नफा नव्हता. म्युनिसिपालिटीच्या अनुदानाकडे वर्षानुवर्षें हात पसरावा लागला. अखेर पांचाचे दहा रुपये झाले. हें नवें भाडें लागू झालें तें ९ मे २०२५ रोजीं. घोड्यांच्या ट्रामला त्या दिवशीं १५१ वर्षें झालीं.