कडक भाकरी
सोलापूर भागातील ज्वारीची किंवा बाजरीची पातळ, कुरकुरीत, बरेच दिवस टिकणारी भाकरी. गरम पाण्यात मळलेले पीठ होईल तितके पातळ थापतात आणि तव्यावर भाजून मंद आचेवर ओल पूर्ण जाईपर्यंत वाळवतात. बाजरीच्या भाकरीला तीळ लावतात. सोलापूर जिल्ह्यातीलच मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. न्याहारीला ही भाकरी शेंगाचटणी व दह्याबरोबर खातात, किंवा आमटीत कुस्करतात. मात्र फार भिजली की मजा जाते. मेक्सिकोतील चिलाकिलेस हा नाश्ता आमटीत कुस्करलेल्या भाकरीच्या जवळचा : मक्याच्या शिळ्या तोर्तियांचे तुकडे तळून तांबड्या किंवा हिरव्या साल्सात घोळवतात, वर कांदा, चीज व साय घालतात.