तार सोलणारे हात

पुण्याच्या कारखानदारीची गोष्ट सांगताना आपण इंजिने, स्कूटर, मालमोटारी यांची नावे घेतो. या सगळ्यांच्या पोटातून धावणाऱ्या तारेचे नाव मात्र सहसा निघत नाही. आज तिच्याविषयी बोलू या.

१९५८ साली कराचीहून आलेल्या प्रल्हाद आणि किशन छाब्रिया या भावांनी पुण्यात फिनोलेक्सची सुरुवात केली. पहिला माल होता मोटारगाड्यांसाठी लागणारी पीव्हीसी आवरणाची केबल. पुढे १९६६ साली टेल्कोचा पुण्यातला कारखाना उभा राहिला, आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या आणि तारेची मागणी वाढत गेली.

पण तारेचे वेटोळे कारखान्यात आले म्हणजे ती गाडीत बसली असे नाही. ती मापात कापायची, टोक सोलायचे, त्यावर लग दाबून बसवायचा. गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखालचा पोरगाही हेच शिके. ब्लेड आवरणातून जावे, पण आतल्या तांब्याला लागू नये! कारण साधे आहे. पिळातल्या चार बारीक तारा तुटल्या की विजेची वाट अरुंद होते, आणि अरुंद वाटेवर गर्दी झाली की तार तापते.

परदेशात या हातकामाला यंत्राची जोड आधी मिळाली. १९४१ साली अमेरिकेत अंकस व्हिटेकर यांनी एएमपी ही कंपनी काढली. डाख न देता नुसती दाबून बसवायची टोके तिने विमाने आणि जहाजांसाठी बनवली. १९७५ साली स्वित्झर्लंडमध्ये मॅक्स कोख यांनी कोमॅक्स स्थापन केली. तार कापणाऱ्या, सोलणाऱ्या आणि टोक बसवणाऱ्या यंत्रांसाठी ही कंपनी पुढे जगभर ओळखली गेली.

आता विजेवरच्या गाड्या आल्या. २०२० साली पुण्याजवळच्या रांजणगावातून टाटांची नेक्सॉन ईव्ही बाहेर पडली. जुन्या स्कूटरमध्ये सहा-बारा व्होल्ट असत, इथे तीनशेच्या वर. अशी जाड नारिंगी केबल म्हणजे जणू कांदाच. बाहेर आवरण, आत धातूची विणलेली जाळी, तिच्या आत पुन्हा आवरण आणि गाभ्यात तांबे. प्रत्येक थर वेगळ्या मापावर कापायचा. जाळीचा एक तंतू जरी गाभ्याला टेकला तरी धोका. म्हणून यंत्र रुळांमधून केबल सरळ करते, गोल फिरणाऱ्या पात्यांनी एकेक थर काढते आणि टोक दाबताना किती जोर लागला तेही मोजते. जोर कमी-जास्त भरला की तो तुकडा बाजूला पडतो.

मग हातांचे काम संपले का? नाही. यंत्राने तयार केलेल्या तारा फळ्यावरच्या खुंट्यांमधून वळवून, बांधून त्यांची जुडी करावी लागते. तिला हार्नेस म्हणतात. हे काम जगभर आजही मुख्यतः हातांनीच होते, आणि त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तिथले हार्नेस यायचे थांबले आणि जर्मनीतल्या बलाढ्य मोटार कंपन्यांना काही कारखाने बंद ठेवावे लागले.

यंत्राचे मोल आपण पैशांत मांडतो, ते दर वर्षी घसरते. हाताचे कसब वर्षागणिक वाढते, पण ते कुठल्या वहीत मांडायचे? पुण्याच्या कारखानदारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या वहीसाठी एक पान कोरे ठेवावे.