सोयुझ : चुका सुधारत सुरक्षित झालेले अंतराळयान

अंतराळवीर म्हटले की मुलांना चंद्रावर उतरलेला नील आर्मस्ट्राँग आठवतो. पण १९६७ पासून आजपर्यंत माणसांना अंतराळात नेणारे आणि परत आणणारे एक यान आहे, त्याचे नाव सोयुझ. रशियन भाषेत सोयुझ म्हणजे संघ, एकजूट. भारताचे राकेश शर्मा याच यानातून गेले. सीरिया, अफगाणिस्तान, मलेशिया आणि संयुक्त अरब अमिरातीचे पहिले अंतराळवीरही याच यानातून गेले.

यानाची रचना

सोयुझचे तीन भाग असतात. पुढे गोलसर कक्षा-कक्ष. सामान, जेवण आणि शौचालयाची सोय त्यात असते. मधे घंटेच्या आकाराची परतीची कुपी, ज्यात तिघे गुडघे दुमडून बसतात. मागे इंजिन व इंधनाचा भाग. पृथ्वीवर परत येते ती फक्त मधली कुपी. बाकीचे दोन भाग वातावरणात जळून जातात. कुपी पॅराशूटने कझाकस्तानच्या गवताळ मैदानावर उतरते आणि जमीन अगदी जवळ आली की धक्का कमी करण्यासाठी छोटी इंजिने पेटतात.

दोन मोठे अपघात

सुरुवात फार वाईट झाली. एप्रिल १९६७ मध्ये सोयुझ-१ मधून व्लादिमिर कोमारोव एकटेच गेले. यानात आधीपासूनच अनेक दोष होते. परतताना पॅराशूट नीट उघडले नाही आणि २४ एप्रिलला कुपी जमिनीवर आदळून त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर सुमारे दीड वर्ष सोयुझमधून एकही माणूस पाठवला नाही.

जून १९७१ मध्ये डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव आणि पात्सायेव हे तिघे साल्युत-१ या जगातल्या पहिल्या अंतराळ स्थानकावर तीन आठवड्यांहून जास्त राहिले. ३० जूनला परतताना यानाचे भाग सुटे होण्याच्या क्षणी एक झडप उघडली आणि कुपीतली हवा निघून गेली. कुपी व्यवस्थित उतरली, पण आतले तिघेही गेलेले होते. जागा अपुरी म्हणून त्यांना दाबाचे पोशाख दिलेले नव्हते.

यानंतर पोशाख सक्तीचा झाला. त्यासाठी तीनऐवजी दोनच माणसे पाठवायला सुरुवात झाली. पोशाखासह तिघांची सोय पुन्हा व्हायला १९८० साल उजाडले. १९७१ नंतर सोयुझच्या उड्डाणात एकाही अंतराळवीराचा मृत्यू झालेला नाही.

वाचलेले प्रसंग

संकटे मात्र आली. २६ सप्टेंबर १९८३ रोजी उड्डाणाआधीच रॉकेटला आग लागली. टोकावरच्या बचाव रॉकेटने कुपी ओढून दूर नेली, काही क्षणांतच खालचे रॉकेट फुटले, आणि आतले दोघे वाचले. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी उड्डाणानंतर दोन मिनिटांनी बिघाड झाला, तेव्हाही एक रशियन आणि एक अमेरिकन अंतराळवीर सुखरूप उतरले.

अफगाणिस्तानचे अब्दुल अहद मोमंद यांचा किस्सा तर मुलांना जरूर सांगावा. ऑगस्ट १९८८ मध्ये ते मीर स्थानकावर गेले. सप्टेंबरमध्ये लियाखोव यांच्यासोबत परतताना इंजिन ठरल्याप्रमाणे चालले नाही. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे कक्षा-कक्ष इंजिन पेटवण्याआधीच सोडून दिलेला होता. म्हणजे शौचालय गेले, जागाही गेली. दोघांनी अरुंद कुपीत एक दिवस काढला आणि दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, ते सुखरूप उतरले. त्यानंतर नियम बदलला : आधी इंजिन चालवायचे, मगच तो कक्ष सोडायचा.

अनेक देशांचे यान

३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून साल्युत-७ वर गेले. जुलै १९८७ मध्ये सीरियाचे मुहम्मद फारिस मीर स्थानकावर पोहोचले. ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकूर निघाले तेव्हा रमजानचे शेवटचे दिवस होते. स्थानक पृथ्वीभोवती साधारण दीड तासात एक फेरी मारते, मग नमाजच्या वेळा कशा धरायच्या, किब्ला कोणता? मलेशियातल्या उलेमांनी त्यासाठी खास मार्गदर्शिका तयार केली. वेळा उड्डाणाच्या ठिकाणाप्रमाणे धराव्यात, किब्ला शक्य असेल तसा पाळावा, रोजे नंतर ठेवले तरी चालतील, असे त्यात सांगितले होते. २०१९ मध्ये अमिरातीचे हज्जा अल मन्सूरी गेले. अमेरिकेची शटल २०११ मध्ये बंद झाल्यावर २०२० पर्यंत आंतरराष्ट्रीय स्थानकावर माणसे नेणारे हे एकमेव यान होते.

आपल्यासाठी धडा

भारताच्या गगनयानातही हाच विचार दिसतो. माणूस पाठवण्याच्या कितीतरी आधी, ५ जुलै २०१८ रोजी, इस्रोने श्रीहरिकोट्याला कुपी रॉकेटपासून दूर नेणाऱ्या बचाव यंत्रणेची चाचणी घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती उडत्या रॉकेटवर पुन्हा तपासली.

परीक्षेत चुकलेले गणित मुले लपवतात, वही पुढे करत नाहीत. त्यांना सोयुझची गोष्ट सांगा. चूक कुठे झाली ते शोधून ती दुरुस्त केली, म्हणूनच हे यान इतकी वर्षे माणसांना घरी परत आणत आहे.