जीवनसत्त्वांच्या गोळ्या : कमतरता भरून काढताना घ्यावयाची काळजी

माधवनगर (जि. सांगली) : रक्ततपासणीचा अहवाल हाती येतो, त्यात 'ड' किंवा 'ब-१२' जीवनसत्त्वासमोर 'कमी' असा शेरा असतो आणि त्याच संध्याकाळी औषधांच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी घरी येते. सांगली-तासगाव रस्त्यावरील माधवनगरसारख्या गावातही हे आता नवलाचे राहिलेले नाही. सांगली आणि मिरज ही वैद्यकीय केंद्रे जवळ असल्याने तपासणी सोपी झाली आहे. मात्र गोळी कोणती, किती, किती दिवस आणि कशासोबत घ्यायची, हे चिठ्ठीवरच्या दोन अक्षरांत मावत नाही. जीवनसत्त्व म्हणजे निरुपद्रवी टॉनिक, हा समज तर अधिकच घातक. कमतरता भरून काढण्यासाठी दिलेली मात्रा ही औषधाची मात्रा असते आणि तिला औषधाचेच नियम लागू होतात.

दोन गट, दोन स्वभाव

मानवी शरीराला आवश्यक असलेली जीवनसत्त्वे एकूण १३ आहेत. त्यांपैकी अ, ड, ई आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळतात. ब गटातील आठ आणि क ही पाण्यात विरघळतात. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा जास्तीचा भाग बहुतांशी लघवीवाटे निघून जातो. स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वे मात्र यकृतात व चरबीत साठू शकतात. म्हणूनच अ आणि ड यांच्या बाबतीत अतिरेकाचा धोका मोठा असतो. अर्थात पाण्यात विरघळणारी सर्वच जीवनसत्त्वे कितीही घेतली तरी चालतात, असेही नव्हे.

'ड' : आठवड्याची गोळी रोज नको

भरपूर ऊन असलेल्या प्रदेशातही 'ड'ची कमतरता आढळते. दिवसाचा बराच वेळ घरात वा कार्यालयात जाणे, अंगभर कपडे, त्वचेचा गडद वर्ण आणि हवेतील धूर-धूळ ही त्यामागची कारणे आहेत. रक्तातील २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हे प्रमाण मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास सामान्यतः कमतरता मानली जाते. काही प्रयोगशाळा हेच प्रमाण लिटरमागे नॅनोमोलमध्ये देतात. तेथे तोच आकडा ५० होतो. अहवाल वाचताना आकड्याइतकेच एककाकडे लक्ष हवे.

भारतात प्रौढांना बहुधा ६०,००० आंतरराष्ट्रीय युनिटची गोळी, कॅप्सूल किंवा पुडी आठवड्यातून एकदा, सहा ते आठ आठवडे दिली जाते. त्यानंतर मात्रा कमी केली जाते. घोटाळा होतो तो येथेच. 'आठवड्यातून एकदा' ही सूचना विसरून गोळी रोज घेतली, तर शरीरात ठरल्याच्या सातपट मात्रा जाते. प्रौढांसाठी वैद्यकीय देखरेखीविना रोजची कमाल सुरक्षित मर्यादा ४,००० युनिट मानली जाते; म्हणजे रोजची एक गोळी या मर्यादेच्या पंधरापट होते.

अतिरेकामुळे रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, अशक्तपणा, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे होत. वेळीच लक्ष न दिल्यास मूत्रपिंडांना इजा पोचते. काश्मीरमधील डॉक्टरांनी २०११ मध्ये अशा १० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. ज्या भागात 'ड'ची कमतरता सर्रास आढळते, त्याच भागात उपचाराच्या अतिरेकाने माणसे आजारी पडली होती. ६ लाख युनिटचे इंजेक्शन एकापाठोपाठ अनेकदा घेणे हाही धोकाच आहे. दोन डॉक्टरांकडे उपचार सुरू असतील, तर आधी घेतलेली इंजेक्शने दुसऱ्याला आवर्जून सांगावीत. साठलेले 'ड' उतरण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात.

ही गोळी जेवणासोबत किंवा दुधासोबत घेतल्यास चांगली शोषली जाते. मुतखड्याचा त्रास, मूत्रपिंडाचा आजार किंवा क्षयरोग असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती सुरू करू नये. ५० वर्षांखालील निरोगी प्रौढांनी सरसकट 'ड'ची तपासणी करून घेण्याची किंवा शिफारशीपेक्षा जास्त गोळ्या घेण्याची गरज नाही, असे अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे.

'ब-१२' : शाकाहारी ताटातील उणीव

ब-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि माणसाला ते मुख्यतः मांस, मासे, अंडी व दूध यांतून मिळते. भाजी, डाळ, भाकरीत ते नसते. आंबवलेल्या इडली-डोशावर किंवा स्पिरुलिनावर त्यासाठी विसंबता येत नाही. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांतील ४४१ पुरुषांची तपासणी झाली होती. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. पैसा आणि पोटभर जेवण असूनही ही उणीव राहते, हे त्यातून स्पष्ट झाले.

हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, जीभ लाल होणे, थकवा, विसराळूपणा ही ब-१२ च्या कमतरतेची लक्षणे आहेत. मज्जातंतूंवरील परिणाम दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्यास तो कायमचा होऊ शकतो. तीव्र कमतरतेत किंवा मज्जातंतूंची लक्षणे असताना सुरुवात इंजेक्शनने होते. सौम्य कमतरतेत रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. एवढ्या मोठ्या मात्रेचा जेमतेम एक टक्का भाग आतड्यातून आपोआप शोषला जातो आणि तेवढाही गरजेपेक्षा अधिक असतो. ब-१२ साठी कमाल मर्यादा ठरवण्यात आलेली नाही. तरीही गोळी सुरू करण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. आधीच गोळ्या घेतल्यास नंतरचा अहवाल फसवा येतो आणि मूळ कारण झाकले जाते.

मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ कमी होऊ शकते. अशांनी ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी. मूळ औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

फॉलिक ॲसिडचा मुंबईशी संबंध

ब्रिटिश संशोधक लुसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि गरोदर स्त्रियांतील एका विशिष्ट रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवले. त्यातील अज्ञात घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात गरोदर महिलांना ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी १८० दिवस दिली जाते. ही गोळी चुकवू नये.

मात्र रक्तक्षय दिसला की स्वतःच्या मनाने केवळ फॉलिक ॲसिड घेणे योग्य नाही. ब-१२ ची कमतरता असताना फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्ताचे चित्र सुधारते, पण मज्जातंतूंचे नुकसान चालूच राहते. आजार दबतो, बरा होत नाही. म्हणून दोन्ही एकत्र तपासले जातात.

'अ', 'ब-६' आणि केसांच्या गोळ्या

गरोदरपणात 'अ' जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात रोज १०,००० युनिटांहून अधिक घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. लहान मुलांना सरकारी मोहिमेत मिळणारा 'अ'चा डोस वेगळा. त्याच्या तारखेची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर असते. त्याच काळात घरी आणखी 'अ' देऊ नये. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रेपासून दूर राहावे. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर-भोपळा खाण्याशी याचा संबंध नाही.

'नसांची गोळी' म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांत ब-६ असते. दीर्घकाळ जास्त मात्रेत घेतल्यास हेच जीवनसत्त्व नसांना इजा करते आणि पायांना बधिरपणा येतो. रोजची कमाल मर्यादा अमेरिकेत १०० मिलिग्रॅम आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. केस व नखांसाठीच्या बायोटिनमुळे थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. तपासणीपूर्वी अशा गोळीची कल्पना प्रयोगशाळेला द्यावी. 'क' रोज २ ग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास जुलाब होतात. मुतखड्याची शक्यताही वाढते.

अन्य औषधांशी ताळमेळ

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी कॅल्शियम किंवा लोहयुक्त गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्यावी. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना 'के' असलेली मल्टिव्हिटॅमिन सुरू अथवा बंद करायची असल्यास डॉक्टरांना आधी कळवावे. रक्तदाबासाठी थायाझाइड प्रकारची गोळी घेत असताना कॅल्शियम व 'ड' जोडीने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढू शकते.

वेष्टन वाचण्याची सवय

एकाच घटकाच्या दोन-तीन गोळ्या वेगवेगळ्या नावांनी घरात असू शकतात. प्रत्येक पट्टीवरील घटक आणि मात्रा कागदावर उतरवून एकूण बेरीज करावी. २०१६ च्या नियमांनुसार आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचे लिहिणे बंधनकारक झाले. अशी गोळी निदान झालेल्या कमतरतेवरील उपचाराची जागा घेऊ शकत नाही. लोह असलेल्या गोळ्या गोड आवरणामुळे मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात. चुकून अनेक गिळल्यास त्या जिवावर बेतू शकतात. त्यामुळे त्या कुलूपबंद ठेवाव्यात.

लक्षात ठेवावे असे

- तपासणीआधी गोळी नको. निदान झाल्यावर मात्रा व कालावधी लिहून घ्यावा.
- साप्ताहिक गोळीसाठी वार ठरवून तो दिनदर्शिकेवर खुणावा.
- ठरलेला कालावधी संपल्यावर जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध घेऊ नये. पुन्हा तपासणी केव्हा करायची, ते डॉक्टरांना विचारावे.
- विसरलेला डोस भरून काढण्यासाठी दुप्पट मात्रा घेऊ नये.
- उलट्या, अतितहान, गोंधळलेपणा किंवा वाढता बधिरपणा जाणवल्यास गोळी थांबवून पट्टीसह डॉक्टरांकडे जावे. मुलाने गोळ्या गिळल्यास लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
- औषधाचा दुष्परिणाम आढळल्यास राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते.

कमतरतेचे कारण आहारात असेल तर दूध, अंडी, पालेभाज्या आणि अंगावर ऊन घेणे यांची जोड उपचाराला द्यावीच लागते. अन्यथा गोळ्या संपताच उणीव परत येते. कारण आतड्याच्या आजारात किंवा चालू औषधात असेल, तर आहार पुरेसा ठरत नाही आणि उपचार दीर्घकाळ घ्यावा लागतो. आपली कमतरता यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून समजून घेणे हिताचे.