कार्बन डायऑक्साइडची शीतयंत्रे आणि उष्ण समुद्र

शीतयंत्रांचा इतिहास सामान्यतः शोधकांच्या आणि त्यांच्या पेटंटांच्या अनुषंगाने सांगितला जातो. यंत्र ज्या हवेत वा पाण्यात आपली उष्णता टाकते, तिचा विचार त्यात क्वचितच येतो. वस्तुतः हा भोवताल यंत्राचाच अर्धा भाग होय. जहाजांवरील कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रांची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

मूळ तत्त्व सादी कार्नो याच्या १८२४ च्या निबंधात बीजरूपाने आढळते. शीतकोठार उणे १८° से. आणि भोवताल १५° से. असता आदर्श यंत्राला उष्णता ३३ अंश वर चढवावी लागते. भोवताल ३५° झाला की ५३ अंश. म्हणजे तेवढीच उष्णता उपसण्यास सुमारे ६० टक्के अधिक श्रम. भिंतींतून आत झिरपणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढत असल्याने एकूण खर्च अडीचपटीवर जातो. उन्हाळा आपला कर असा दोनदा वसूल करतो.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत याहून बिकट अडचण होती. सुमारे ३१° से. वर हा वायू कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही, हे बेलफास्ट येथील टॉमस अँड्रूझ याने १८६९ मध्ये दाखविले होते. तथापि १८८६ मध्ये फ्रान्ट्स विंडहाउझेन याने ब्रिटिश पेटंट घेतले आणि डार्टफर्डच्या जे. अँड ई. हॉल या कारखान्याने अशी यंत्रे जहाजांसाठी बांधली. अमोनिया गळला तर बंदिस्त जहाजात माणसे गुदमरत. त्या मानाने हा वायू पुष्कळच निर्धोक होता.

थेम्सच्या पाण्यावर यंत्र उत्तम चाले. उन्हाळ्यात तांबड्या समुद्राचे पाणी मात्र ३०° च्या वर जाते. मे महिन्यात अरबी समुद्रही त्याच्या जवळ पोहोचतो. संघनित्र पाण्याहून काही अंश उष्ण असावेच लागते. साहजिकच वायूचा द्रव होईना, आणि थंडावा सर्वाधिक हवा तेव्हाच तो कमी पडे. दाब वाढविणे व अधिक कोळसा जाळणे, एवढाच उपाय अभियंत्यांच्या हाती उरे.

१९३० मध्ये जाहीर झालेल्या फ्रेऑन वर्गाच्या यशाचे श्रेय बहुधा त्याच्या निर्विषपणाला दिले जाते. घरगुती कपाटापुरते ते रास्त आहे. परंतु जहाजांवर जो वायू त्याने मागे सारला, तो ज्वालाग्राही नव्हता आणि अमोनियासारखा विषारीही नव्हता. फ्रेऑन-१२ चे क्रांतिक तापमान सुमारे ११२° से. आणि त्याला लागणारा दाबही कितीतरी कमी, ही कारणे तेथे अधिक वजनदार मानली पाहिजेत.

१९८७ च्या माँट्रियल करारानंतर फ्रेऑनला ओहोटी लागली. त्याच सुमारास ट्रॉन्हाइमच्या गुस्ताव लोरेन्ट्सेन याने वायूचा द्रव करण्याचा हट्टच सोडून, क्रांतिक बिंदूच्या वर दाब नियंत्रित करून तेच जुने यंत्र पुन्हा उभे केले. उत्तर युरोपातील दुकानांत ते लवकर रुजले. ज्या रेषेच्या दक्षिणेस ते महाग पडते, तिला अभियंते ‘कार्बन डायऑक्साइडचे विषुववृत्त’ म्हणू लागले. नव्या सुधारणांबरोबर ही रेषा दक्षिणेकडे सरकत आली आहे.